५२ मिनिटं काम, १७ मिनिटं ब्रेक: खुलासा

‘५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं विश्रांती, हे विज्ञानाने सिद्ध केलेलं सूत्र आहे,’ असा मेसेज ऑफिसच्या ग्रुपांवर फिरतोय. आकडे खरे आहेत, ‘सिद्ध’ हा दावा मात्र खरा नाही.

हे आकडे २०१४ मधले. लॅटव्हियाच्या डेस्कटाइम या कंपनीचं सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरचा वेळ मोजतं. त्यांनी आपल्याच वापरकर्त्यांमधले सर्वांत उत्पादक १० टक्के लोक निवडले आणि त्यांच्या वेळेची सरासरी काढली. प्रयोग झालाच नाही. कुणाला ब्रेक देऊन आणि कुणाला न देऊन तुलना केलेली नाही. त्यामुळे ब्रेकमुळे काम चांगलं झालं, की काम हातावेगळं झालं म्हणून ब्रेक मिळाला, हे त्यातून कळत नाही. शिवाय ‘उत्पादक’ कोण, तर कामाच्या अ‍ॅपमध्ये जास्त वेळ असलेला! कामाचा दर्जा कुणी तपासला?

गंमत म्हणजे याच कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा आकडे ११२ आणि २६ आले. तो मेसेज मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

म्हणून ब्रेक निरुपयोगी असं नाही. छोट्या ब्रेकवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा मिनिटांपर्यंतच्या ब्रेकने थकवा कमी होतो, तरतरी वाटते, हे त्यात दिसलं. कामगिरीत एकूण ठोस वाढ मात्र दिसली नाही. डोक्याला ताण देणाऱ्या कामांना एवढी विश्रांती पुरत नसावी. तेव्हा बावन्नाव्या मिनिटाला गजर लावून हातातला हिशेब अर्धवट सोडू नका.