खुडखुड

गाडीतला आवाज मेस्त्रीला तोंडाने काढून दाखवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. वयाच्या ५२व्या वर्षी, सिंहगड रोडवरच्या गॅरेजात, चार गिऱ्हाइकांच्या देखत मी गाल फुगवून 'खुड् खुड् खुड्' करत उभा होतो. मेस्त्रीने हात पुसत शांतपणे विचारलं, "खुडखुड की खडखड?"

प्रश्न रास्त होता. गाडीच्या बहुतेक दुखण्यांना मराठीत आधीपासूनच नावं आहेत. करकर म्हणजे लोअर आर्मचं बुश सुकलं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टकटक म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा जॉइंट. खड्ड्यात धप्प म्हणजे शॉकअप गेला. (शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा शब्द पुण्यातल्या गॅरेजात कोणी पूर्ण उच्चारलेला मी तरी ऐकलेला नाही.) खडखड फार मोघम, तिच्यात सायलेन्सरपासून डिकीतल्या पान्यापर्यंत काहीही बसतं. माझी मात्र पक्की खुडखुड होती. पुढून, डावीकडून. एखादा म्हातारा दारामागे दबक्या आवाजात खोकतोय, तशी.

त्याआधी घरगुती उपाय करून झाले होते. बायकोने गाडी रिकामी केली. तीन छत्र्या, मुलीचं हरवलेलं कंपासपेटीचं झाकण आणि मागच्या दिवाळीचा उटण्याचा पुडा निघाला. आवाज तिथेच. मग सोसायटी सरसावली. हे गावच असं आहे की इथल्या टेकडीलासुद्धा लोक एआरएआय, म्हणजे गाड्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं नाव, घेऊन हाक मारतात. ज्याच्या घरातलं कोणी ना कोणी पिंपरी-चिंचवडला गाड्यांच्या कामात नाही, असं घर आमच्या सोसायटीत शोधावं लागेल. त्यामुळे लिफ्टमध्ये शिरलो की तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन निदानं मिळत.

त्यातलं शेजारच्या काकांचं बरं होतं. "खराब रस्त्यावर ब्रेक हलकाच दाबून धर. आवाज थांबला तर कॅलिपर नाहीतर ब्रेक पॅड." मी कर्वे रोडवर करून पाहिलं. माझा आवाज थांबला नाही, मागच्या स्कूटरवाल्याचा मात्र सुरू झाला.

तर, मेस्त्री. तो शेजारी बसला आणि गॅरेजसमोरच्या गतिरोधकावरून त्याने मला तीनदा नेलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडता येतो. इथे ज्याने तो घातला त्याला उंचीचं वाक्य तेवढं आवडलं असावं. तरीही तिन्ही वेळा गाडी अशी गप्प, की परीक्षेत पहिला आलेला मुलगा पाहुण्यांपुढे बसावा. मेस्त्रीने गाडी जॅकवर उचलली, चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवलं. कुठेच खेळ नाही. "साहेब, मला तर काहीच दिसत नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं, की मला स्वतःचीच काळजी वाटली.

मग मी मोठ्या, वातानुकूलित सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे कॉफी मिळाली. दोष त्यांनाही सापडला नाही, पण त्यांनी दोन्ही शॉकअप, माउंटिंगं आणि लोअर आर्म असा २८ हजारांचा अंदाज दिला. चोर सापडत नाही, तर अख्खी चाळ अटक करा.

अण्णांना कोणीच विचारलं नव्हतं. वडील ८१ वर्षांचे. कारखान्यात ३४ वर्षं काढलेली, पण आता कानाला यंत्र, आणि गाडीत बसलं की ते काढून खिशात. "ट्रॅफिकमध्ये ऐकण्यासारखं असतं काय?" आवाजाच्या बाबतीत अशा माणसाचा सल्ला कोण घेणार? त्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. सवयीप्रमाणे चपला काढून, देवळात बसल्यासारखे पुढच्या सीटवर बसले. दांडेकर पुलाजवळ अचानक म्हणाले, "एकच चाक चढलं की लागतं रे."

"काय लागतं?"

"काय?"

"काय लागतं, अण्णा?" मी ओरडलो.

"पायाला लागतं. गतिरोधकावर नाही. ड्रेनेजच्या झाकणावर चाक गेलं की लागतं. लिंक रॉड बघ."

सिग्नल लागेपर्यंत त्यांनी मला शाळेत घातलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, गाडी वळणावर कलू नये म्हणून. त्याला दोन्हीकडे लिंक रॉड. "दोघं भाऊ एकदम उठले तर घरात भांडण नाही. दांडा नुसता फिरतो. एक उठला आणि दुसरा लोळत पडला, की मधल्याची ओढाताण. रॉडच्या टोकाचा बॉल झिजला असेल तर तो तेव्हा बोलतो." आणि जॅकवर? "एकच चाक लोंबकळतं, दुसरं जमिनीवर. ताणलेल्या रॉडमधला खेळ कसा दिसेल तुला?"

डॉक्टरांची वेळ चुकवून आम्ही गॅरेजात गेलो. अण्णांना स्टूल मिळालं. गाडी खड्ड्यावर, चारही चाकं जमिनीवर. मेस्त्री खाली उतरून लिंक रॉड मुठीत धरून बसला. मी टप धरून गाडी डावी-उजवी झुलवू लागलो. पाचव्या हेलकाव्याला खालून हाक आली, "सापडला!"

नाना पेठेतून जोडी आणली, दीड हजाराच्या आत. जुना नट गंजून एवढा बसला होता की पाना लावला की बॉलच त्याच्यासोबत गरगर फिरे, शेवटी ग्राइंडरने कापला. मेस्त्रीने तो रॉड माझ्या हातात ठेवला. मी हलवला. खुडखुड. अगदी तीच. महिनाभर मी गाल फुगवून काढत होतो, त्यापेक्षा कितीतरी सुबक.

परत येताना एकही झाकण सोडलं नाही. मुद्दाम वाकडी करकरून गाडी घातली. डाव्या चाकातून हूं की चूं नाही. सोसायटीच्या दारात मला राहवेना. अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, आवाज गेला!"

अण्णा वाकून चपला शोधत होते. म्हणाले, "आवाजही येत होता होय?"