मामांची चादर, माझे 480

माझ्या गाडीच्या डाव्या दोन्ही दारांवर अजून कोळ्याची जाळी आहेत, आणि त्याला जबाबदार जे मामा आहेत त्यांचं नाव सुद्धा मला माहीत नाही.

जाळी म्हणजे खरी नव्हे हो. गडद निळी गाडी, चार वर्षं एकाच फडक्यानं पुसलेली, पावसाळ्यात चिखल आणि उरलेलं वर्षभर तांबडी धूळ, मग उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल गोल बारीक चरे चमकायला लागतात. पांढरी घेतली असती तर एवढे दिसले नसते, हे मला आत्तापर्यंत अकरा जणांनी सांगितलंय, त्यातले तीन तर गाडी घ्यायला माझ्यासोबत आले होते. असो. निपाणीच्या मावसभावाकडनं पॉलिशिंगचं मशीन आणलं, डीए म्हणतात ते, गोल फिरता फिरता डुलतं पण. वन स्टेप पॉलिशची बाटली मागवून झाली होती. राहिले फक्त फोमचे पॅड, म्हटलं ते काय, गावातच मिळतील.

वन स्टेप म्हणजे काय, तर एकच पॉलिश, एकाच जातीचा पॅड, त्यानंच चरे पण घालवायचे आणि चकाकी पण आणायची. इथंच गोम आहे. पॅड कडक घेतला तर चरे जातात पण मागं धुरकट दिसतं, मऊ घेतला तर गाडी आरशासारखी चमकते आणि त्या आरशात सगळे चरे जसेच्या तसे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ, म्हणजे घासून बघू, नाही जमलं तर परत घासू, असं पण फार वेळा करता येत नाही.

तर शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या खडे बाजारात गाडी लावायला जागा शोधत (त्यात अर्धा तास गेला, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी) एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं मोबाईलवरनं मान न काढता विचारलं, "याव बण्ण बेक्री?"

कुठला रंग पाहिजे. मी म्हटलं रंग नको बाबा, मीडियम फोम पाहिजे, साडेपाच इंची, खाली पाच इंचाची प्लेट आहे. तो म्हणाला, "हां सर, पण कुठला कलर?"

आता ह्या रंगांचं असं आहे की एका कंपनीचा केशरी म्हणजे मीडियम, दुसरीचा केशरी म्हणजे चांगला कडक. पिवळ्याचं तेच, पांढऱ्याचं तेच. कुणाचा कुणाला पायपोस नाही. नावांचा घोळ आम्हाला नवा नाही म्हणा, 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, रेल्वेत भेटणारे उत्तरेकडचे लोक अजून बेलगाम म्हणतात, आणि आम्ही तिन्ही नावांना ओ देतो. पण गाव चुकीच्या नावानं हाक मारली म्हणून कुणाचा रंग खरवडत नाही. अरे पाकिटावर कडक, मध्यम, मऊ एवढे तीन शब्द छापायला काय जातं? त्याऐवजी छापलंय काय, तर 'प्रीमियम'.

मी दोन पाकिटं हातात धरून मागचं बारीक वाचत होतो तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरनं आवाज आला, "मगाधरनं बघूलालोय, काय घेऊलालास रे?"

सत्तरीचे असतील. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात स्कूटरची जुनी क्लच केबल. मला वाटलं दुकानातलेच कुणीतरी. मी आपलं सांगितलं, मामा, गाडी पॉलिश करायचीय. त्यांनी माझ्या हातातनं पाकीट घेतलं, दातानं फोडलं आणि पॅड बाहेर काढून अंगठ्यानं दाबला, बाजारात वांगं दाबतात तसा. मग वास घेतला. मग डोळे मिटून गालाला लावला. काउंटरवरच्या पोरानं पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

"तीस वर्सं उद्यमबागेतल्या कारखान्यांत बफिंग केलंय मी," मामा म्हणाले. "कापडाची चाकं हुती आमची, साबण लावायचा आणि घासायचं. रंगबिंग काय बघायचं नसतंय त्यात. दाबायचं, सोडायचं, कसं फुगतंय ते बघायचं." काउंटरवरनं अजून दोन पाकिटं ओढली, ती न फोडता वरनंच दाबली, आणि तिन्ही ओळीनं मांडून बोट ठेवत ठेवत सांगितलं, "ह्ये घोंगडं. ह्यी चादर. आणि ह्यी शहापूरची साडी. घोंगड्यानं कातडं सोलतंय, साडीनं नुसतं कुरवाळल्यासारखं हुतंय. एकदाच घासणार म्हणूलालास न्हवं? मग तुला चादर पाहिजे."

खरं सांगू, एवढं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिथंच हात जोडून बाहेर पडलो असतो तर ही वेळ आली नसती. पण मी शहाणपणानं म्हटलं, "मामा, पण ते आधी छोट्या जागेवर लावून बघावं लागतं."

"मग बघू की!"

आणि ती फोडलेली चादर घेऊन मामा दुकानाबाहेर. जाता जाता काउंटरवरची कसल्यातरी पॉलिशची उघडी बाटली उचलली, पॅडवर ओतली (वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात, ह्यांनी आमटी वाढल्यासारखी वाढली) आणि स्वतःच्या स्कूटरच्या उजव्या पत्र्यावर हातानं घासायला सुरुवात. ना धुतलेलं, ना पुसलेलं. दोघं-तिघं थांबले. एकानं विचारलं काय चाललंय, दुसऱ्यानं त्याला सांगितलं, कंपनीचा डेमो आहे. दोनेक मिनिटांत तळहाताएवढा पत्रा असा चमकायला लागला की मी पण पुढं होऊन बघितलं, आणि मामांनी विजयानं पॅड वर धरला आणि तो सटकून रस्त्यावर पडला. पॉलिशची बाजू खाली.

मामांनी उचलला, पायजम्यावर दोनदा आपटला. "झटकला की झालं."

झालं कसलं! फोमच्या भोकात वाळूचा एक कण अडकला तर मशीनखाली तो गाडीवर रांगोळी काढतो. मी आत जाऊन पोराला म्हटलं हा नको, दुसरे तीन दे. तर म्हणतो, "फोडलेला माल रिटर्न नाही, सर."

"मी कुठं फोडला?"

"मामा तुमच्यासंगट हुते की."

माझ्यासंगट! वळून बघितलं तर मामा किक मारत होते.

भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'ची पाटी होती. वर मोठं कन्नड, खाली इंग्लिश. 2024 च्या कायद्यानं दुकानाच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड लागतं, ते बरोबरच आहे, पण आतल्या ह्या बारक्या पाटीवर सुद्धा उरलेले 40 इंग्लिशला. मराठी फक्त भांडायला. पंधरा मिनिटं आमचं भांडण अस्सल मराठीत झालं आणि मी हरलो. खात्यात तीनपुरतेच पैसे होते, त्यात एक रस्त्यावरचा. स्कॅन केलं तर तो पैशाचा डबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "साविरद नानूर नलवत्तु रूपायी!" चौदाशे चाळीस. त्यातले 480 मामांच्या स्कूटरचे, हे काही तो ओरडला नाही.

रविवारी सावलीत गाडी लावून बॉनेटवर दोन फुटांचा चौकोन टेप लावून आखला आणि चादर लावून बघितली. मामा बरोबर होते. याचाच जास्त राग आला. जाळी गेली, धुरकटपणा नाही, काही नाही. पण एका पॅडवर आख्खी गाडी होत नाही, तो भरतो, तापतो, मग नुसता सरकतो. दोन पॅडमध्ये बॉनेट, छत, डिकी आणि उजवी बाजू झाली आणि तिथं खेळ संपला. तिसरा पॅड रिम घासायला ठेवलाय.

परवा सकाळी गोवावेसच्या सिग्नलला थांबलो होतो, डाव्या बाजूला एक स्कूटर येऊन थांबली. सगळी धुळीनं भरलेली, फक्त उजवीकडं तळहाताएवढा पत्रा लखलखीत. मामांनी माझ्या डाव्या दाराकडं बघितलं, मान हलवली, आणि काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

"हिकडचं का ऱ्हायलंय रे?" मामा म्हणाले. "पॅड कमी घेतलास न्हवं?"