रीसलिंगमध्ये रॉकेल नसतं, वहिनी!

दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नेरुळला जाताना मी नाशिकची रीसलिंग नेली. रीसलिंग ह्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, हजाराच्या आतली. दादाने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "रॉकेलचा वास येतोय रे ह्याला." मी म्हटलं, येतो थोडा, ह्या द्राक्षाचा गुणच आहे तो. मग जेवणं झाली, उरलेली अर्धी बाटली फ्रिजमध्ये गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमच्या त्या बाटलीत खरंच रॉकेल होतं. मी पेटवून बघितलं."

सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता. 'सावधान! स्वस्त पांढऱ्या वाइनमध्ये रॉकेल.' सात मुद्दे, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर ठाण्यात आमच्या पाचपाखाडीच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही येऊन थडकला. आता प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिला मुद्दा: 'रीसलिंग नावाच्या वाइनला रॉकेलचा वास येतो, कारण खर्च वाचवायला कंपन्या तिच्यात रॉकेल मिसळतात.'

वास येतो, हे खरं. सगळ्याच बाटल्यांना ठळक येत नाही, पण येतो. तो ज्या पदार्थाचा असतो त्याला थोडक्यात टीडीएन म्हणतात. गाजराला रंग देणारी जी कॅरोटिनॉइड द्रव्यं, तीच द्राक्षातही असतात. ती मोडून हा पदार्थ तयार होतो. घडांवर ऊन जास्त पडलं की जास्त, आणि बाटली जुनी होईल तसा आणखी. रसायनशास्त्राच्या भाषेत तो हायड्रोकार्बन आहे, म्हणजे रॉकेलचा लांबचा नातेवाईक म्हणा हवं तर. एवढी सूट मी फॉरवर्डवाल्याला देतो. पण तो द्राक्षातून येतो, टँकरमधून नाही.

किती असतो? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गॅव्हिन सॅक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हे मोजलं. एका लिटरमध्ये २ मायक्रोग्रॅम एवढा टीडीएन असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. हिशेब करून बघा: एक ग्रॅम पदार्थ, पाच लाख लिटर वाइन. टँकरच्या पाण्याची सवय असलेल्या घोडबंदर रोडवाल्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरच्या पन्नास टँकरमध्ये चिमूटभर. त्यांनी तपासलेल्या ताज्या रीसलिंगपैकी जवळजवळ सगळ्यांत हा पदार्थ त्या पातळीच्या वर होता, इतर द्राक्षांच्या वाइनमध्ये मात्र क्वचितच. भेसळ असती तर ती नेमकी एकाच द्राक्षाची निवड कशी करेल?

आणि रॉकेल पाण्यात विरघळतं का? ज्या घरात कधीकाळी रेशनचं रॉकेल यायचं, तिथल्या कुणालाही विचारा. वाटीभर पाण्यात थेंब टाकला की वर तरंगतो, इंद्रधनुष्यासारखी साय धरतो. वाइनमध्येही तेच होणार, कारण वाइन म्हणजे बहुतांश पाणीच. शिवाय रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत. पांढऱ्या वाइनमध्ये ते खपवून दाखवाच!

आता तो पेटवायचा प्रकार. ह्याच मुद्द्याखाली फॉरवर्ड म्हणतो: 'चमचाभर वाइन गरम करून काडी लावा. निळी ज्योत आली तर रॉकेल समजा.' वहिनींनी फोडणीची पळी घेतली, तिच्यात वाइन ओतली, गॅसवर धरली आणि कडेला वाफ दिसायला लागल्यावर काडी लावली. भप्प! निळी ज्योत. पळी हातातून सुटली, ओट्यावरचं फडकं थोडं जळलं, आणि उरलेली बाटली सिंकमध्ये गेली.

निळी ज्योत येणारच होती, वहिनी. वाइनमध्ये शेकडा अकरा-बारा अल्कोहोल असतं. ते ७८ अंशांना उकळतं, पाण्याच्या आधी. गरम केलंत की त्याची वाफ वर येते आणि ती निळी जळते. जगातली कुठलीही वाइन घ्या, हेच होईल. उघड्या पळीत रॉकेल असतं तर ज्योत पिवळी आली असती आणि पळीवर काजळी धरली असती. कंदिलाची काच कशी काळी व्हायची ते आठवा. वहिनी म्हणाल्या, "पण स्टोव्हची ज्योत निळी असायची की." बरोबर. पंप मारल्यावर स्टोव्हमध्ये रॉकेलची आधी वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग जळते, म्हणून निळी. पळीला पंप नसतो. म्हणजे ही चाचणी रॉकेल शोधतच नाही, ती फक्त स्वयंपाकघर पेटवते.

त्याच्या खालची ओळ वाचून तर माझं डोकंच फिरलं. 'प्यायली असेल तर मिठाचं कडक पाणी पाजून उलटी काढा.' वहिनींनी दादाला दोन ग्लास पाजलं. दादाला बीपीची गोळी चालू आहे. तीन दिवसांपूर्वीची वाइन आज उलटीतून कशी निघणार, हे आमच्या शहाण्या दादानेही विचारलं नाही. आणि समजा, खरोखरच कुणाच्या पोटात रॉकेल गेलं, एखाद्या लहान मुलाने पाण्याची बाटली समजून तोंडाला लावली, तर उलटी मुळीच काढायची नसते. उलटी होताना रॉकेल फुफ्फुसात उतरलं की जिवावर बेततं. थेट दवाखाना गाठायचा. बाकीचे मुद्दे विसरलात तरी चालेल, एवढी ओळ ग्रुपवरून पुसा.

'तळाशी काचेचा चुरा असतो.' चुरा नाही, खडे. टार्टरिक आम्लाचं क्षार. चिंचेत जे आम्ल असतं तेच हे. बाटली थंड झाली की तळाशी बसतं. बेकरीवाले क्रीम ऑफ टार्टर म्हणून हेच वापरतात. गरम पाण्यात टाका, विरघळेल. काच विरघळत नाही.

'बुचाऐवजी फिरकीचं झाकण म्हणजे नकली माल.' ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंगवाल्यांनी २००० साली आपणहून हे झाकण घेतलं, कारण बुचाने वाइन नासायची. पुढे.

'सल्फाइट नावाचं विष.' बेदाणा खाता ना? त्याला गंधकाची धुरी देतात, ती हीच. युरोपच्या नियमात सुक्या जर्दाळूला वाइनच्या कितीतरी पट सल्फाइटची मुभा आहे. दम्याच्या काही लोकांना त्रास होतो, त्यांनी जपावं.

'वरून साखर घालतात.' रीसलिंगमधला गोडवा बहुतेक वेळा द्राक्षाचाच, साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टचं काम मध्येच थांबवून राखलेला. लेबलवर अल्कोहोल आठ टक्के दिसलं तर गोड निघेल, बारा दिसलं तर बरीच कोरडी. पण दादाची शुगर काठावर आहे, आणि शरीर काही साखरेला तुझं गाव कोणतं म्हणून विचारत नाही. तेव्हा इथे मी फार ताणत नाही.

'परदेशात वाइनमध्ये गाडीचं केमिकल सापडलं होतं.' नाइलाजाने मान्य. १९८५ साली ऑस्ट्रियात वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातल्याचं उघडकीला आलं. तेच रसायन पुढच्याच वर्षी आपल्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनमधून पोचलं आणि १४ रुग्ण दगावले. लेंटिन आयोग त्याच्याच चौकशीला बसला होता. म्हणजे भेसळ होते, जीवघेणी होते. पण ती पकडली प्रयोगशाळांनी, पळीने नाही.

सातवा मुद्दा सगळ्यांत गंमतीचा: 'पांढरी सोडा, लाल प्या, हृदयाला चांगली.' सहा मुद्दे घाबरवून शेवटी हे! जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. ते लालमध्येही आहे, पांढऱ्यातही. घाबरायचंच असेल तर त्या बारा टक्क्यांना घाबरा.

दादाने मात्र त्या संध्याकाळी निम्मा ग्लास सावकाश संपवला होता. पहिला भपका ओसरल्यावर म्हणाला, "हिरवं सफरचंद, आणि शेवटी लिंबू." त्याचं नाक बरोबर होतं, रॉकेलच्या बाबतीतही.

येत्या रविवारी पुन्हा नेरुळला जायचंय. वहिनींसाठी नवी पळी घेतली आहे. बाटलीचं अजून ठरवलेलं नाही.