बंदूकवाल्यांची यादी कशी वाटावी

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शेतसंरक्षणाच्या बंदुका बहुधा ठाण्यात जमा कराव्या लागतात. (डुकरांना आचारसंहिता नसते, ते असो.) जमा झाल्या की यादी होते. ती यादी तुमच्या हाती लागली तर फायलीत लावून वाया घालवू नका, वाटा. आमच्या बाबांचं नाव असलेली यादी मला मुंबईत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ सकाळ’च्या दोन गुलाबांमध्ये मिळाली. त्या अनुभवावरून या सूचना.

यादीत सगळं घाला. नाव, वाडी, मोबाइल, बंदूक ठासणीची की काडतुशी. वय तर हवंच. ७८ वर्षांचा म्हातारा, बंदूक सध्या ठाण्यात, हे एका ओळीत कळलं पाहिजे. चोराला उगाच पायपीट नको.

‘पारदर्शकता’ हा शब्द पाठ करून ठेवा.

ग्रुप निवडताना लाजू नका. भजनी मंडळ, क्रिकेट संघ, काजू बीवाले, सगळे आपलेच.

आदर्श हवा असेल तर न्यूयॉर्कजवळच्या ‘द जर्नल न्यूज’ या पेपरचा घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये, न्यूटाउनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, त्यांनी दोन काउंट्यांतल्या (म्हणजे तिथले जिल्हे) पिस्तूल परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर टाकले. कागद कायद्याने खुले होते, हे खरं. लोक खवळले, पत्रकारांचेच पत्ते फिरू लागले, तेव्हा पेपरने कचेरीवर पहारा बसवला. बंदूकवाल्यांचा! पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याने नाव गुप्त ठेवायची सोय कायद्यात केली आणि नकाशा उतरला. पण तिथल्या ठिपक्यावरून एवढंच कळायचं की या घरात बंदूक असावी. तुम्ही पुढे गेलात. तुम्ही सांगितलंत, होती, आता नाही.

मग फोनची मजा बघा. “काका, विकायची आहे का?” “लग्नात दोन बार काढाल?” “डुकराचा वाटा कधी?” बाबांनी आयुष्यात डुकरं हाकलली कमी आणि परवान्यासाठी फेऱ्या मारल्या जास्त. पोलीस चौकशी, दाखले, नूतनीकरण, दर निवडणुकीला बंदूक खांद्यावर टाकून एसटीने ठाणं. एवढं सरळ वागून आता गावात नाव काय, तर ‘शूटर’. आणि परवा रात्री साडेदहाला एकाने नुसतं विचारलं, “घरी कोण कोण असतं?” फोन आईने उचलला होता. तिने सांगितलंही, “आम्ही दोघंच.”

बस झालं. परवाने किती दिले, कुणी दिले, गुन्हे असलेल्यांना कसे मिळाले, हे खुशाल विचारा, चव्हाट्यावर मांडा. मीही विचारीन. त्याला माझ्या बापाचा मोबाइल नंबर कशाला लागतो? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येही जिवाला धोका होईल अशी माहिती रोखता येते. कागद सांभाळायला बसवलेल्या माणसाने त्याचा फोटो काढून पुढे ढकलायचा? आणि तुम्ही? न वाचता अंगठा दाबलात, वर हात जोडलेली खूण टाकलीत.

बाबा आता पडवीतला दिवा रात्रभर चालू ठेवतात. यादी पुढे पाठवणाऱ्यांपैकी चौघे आमच्याच वाडीतले. दर गणपतीत आरतीला येतात. यंदाही या. आधी दारात उभं करून विचारणार आहे.