तेरवीच्या आधी ठरवलेलं बरं

"खरंच घर विकताय का? काही अडचण आहे का?" सध्या रोज कोणाचा ना कोणाचा फोन येतो आणि गाडी इथेच येऊन थांबते. अडचण म्हणजे पैशाची, हे वेगळं सांगायला नको. बंगला सोडून टू बीएचकेत माणूस जातो तो एक तर कर्जात बुडालेला, नाही तर पोरांनी हात धरून नेलेला, असं आपल्याकडे धरूनच चालतात. आमचं दोन्ही नाही. एकेकाला सांगून दमले, म्हणून इथेच लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

म्हाताऱ्या माणसांच्या घराचा निर्णय आपल्याकडे कधी होतो, आठवून बघा. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. पोरांची परतीची तिकिटं काढलेली असतात, रजा संपत आलेली असते, आणि मागे राहिलेली आई भिंतीला टेकून ऐकत असते, "एवढ्या मोठ्या घरात एकटीनं कसं राहणार?" मनात वाईट कोणाच्याच नसतं. पण जिला उठून जायचं असतं, तिला विचारतात सगळ्यात शेवटी, आणि तेही "तुला चालेल ना?" असं. बँकेतल्या माझ्या एका मैत्रिणीचं अस्संच झालं. नवरा गेला, महिन्याच्या आत घराला कुलूप, आणि ही पुण्यात मुलाकडे, अकराव्या मजल्यावर. सून गुणाची आहे, खायला-प्यायला कमी नाही. पण नागपुरात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेताना भाजीवालीशी अर्धा तास वाद घालणारी ही बाई, आता म्हणते, "भाजी मोबाइलवर येते गं, बोलू कोणाशी?"

म्हणून मी यांना म्हटलं, दोघं धडधाकट आहोत तोवर आपलं आपण ठरवू. हे ७१ चे, मी ६७ ची. दोघंही जिना चढतो, दोघांचीही सही बँकेत जुळते. ठरवायचं वय हेच. ऐंशीनंतर ठरवणार म्हणणाऱ्यांचं दुसराच कोणी ठरवतो.

आता घराबद्दल. नागपूरच्या बजाजनगर भागात ३००० चौरस फुटांचा प्लॉट, खाली चार खोल्या, वर दोन, मागे आंबा. वरच्या खोल्या पोरांच्या. मुलगा हिंजवडीत, मुलगी बंगळुरूत, त्यामुळे त्या खोल्या उघडतात दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी आम्ही दोघं खालच्या चार खोल्यांत, म्हणजे टू बीएचकेतच राहतो. फक्त झाडतो, पुसतो आणि टॅक्स भरतो सहा खोल्यांचा.

आणि उन्हाळा! नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. मार्च लागला की वरच्या खोलीतून कूलर खाली उतरवायचे. स्टँडला रंग मारायचा, जाळ्यांमधली जुनी वुडवूल, म्हणजे लाकडाचा कीस, काढून नवी भरायची, टाकीचा गंज घासायचा, पंप चालतो का बघायचा, खिडकीच्या मापाची फळी दरवर्षी कुठे तरी हरवलेली असते ती शोधायची. मग जूनपर्यंत रोज संध्याकाळी पाइप लावून पाणी. आमच्याकडे तीन कूलर. पूर्वी हे सगळं हे एकटे करायचे. आता माणूस बोलवावा लागतो, आणि मार्चमध्ये तो माणूस अख्ख्या नागपूरला हवा असतो. स्लॅब इतकी तापते की रात्री अकरालाही वरच्या खोलीची भिंत गरम लागते. एसी लावा म्हणतात, लावलाय. पण सहा खोल्यांना लावू का?

दुसरी गोष्ट २३ सप्टेंबर २०२३ ची. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आमच्याकडे नाही आलं. पण अंबाझरी लेआउटमधल्या नातेवाइकांच्या घरी झोपेतच पलंगाला पाणी लागलं. दोघंही पंचाहत्तरीचे. शेजारच्या पोरांनी धरून वर नेलं. "स्वतःची जमीन, स्वतःचं अंगण" हे मीही आयुष्यभर अभिमानानं सांगितलं, पण तळमजल्याचं घर म्हातारपणी जास्त सुरक्षित, हे काही मला आता पटत नाही.

मुलगा म्हणाला, पुण्याला या, आमच्या सोसायटीतच टू बीएचके बघतो. प्रेमानं म्हणतो, माहीत आहे. पण माझा स्पष्ट नकार. एक तर आयटीतल्या पोरांचं काही खरं नाही, आज हिंजवडी, उद्या हैदराबाद, परवा कॅनडा. मग आम्ही पुण्यात कोणासाठी? आणि दुसरं, दुखलं-खुपलं तर इथे कोणाला फोन करायचा हे मला पाठ आहे. दाताचे डॉक्टर, गॅसवाला, यांचा सकाळचा फिरण्याचा कंपू, माझी भिशी, सगळं पायी अंतरावर. हा गोतावळा जमवायला आम्हाला चाळीस वर्षं लागली, नवा जमवायला तेवढी उरलेली नाहीत. म्हणून अट एकच ठेवली: घर लहान झालं तरी चालेल, वस्ती तीच हवी. बजाजनगर, लक्ष्मीनगर, अभ्यंकरनगर, माधवनगर. एलएडी चौकाच्या मेट्रोपर्यंत चालत जाता आलं तर उत्तम.

बिल्डरचाही पर्याय होता. प्लॉट द्या, फ्लॅट स्कीम करतो, दोन फ्लॅट आणि वर रोख घ्या. आमच्या गल्लीतले निम्मे बंगले असेच गेले. हिशेबाला वाईट नाही. पण स्कीम पूर्ण होईपर्यंत दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, म्हणजे दोनदा सामान हलवायचं. आणि काम रखडलं तर? पंचेचाळिशीत असते तर नक्की केलं असतं. आता तयार घरच हवं. शिवाय तयार घराला, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला (कम्प्लिशन) मिळालेला असेल तर, जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के.

एक बोचलेली गोष्ट सांगते. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं भाव जागेचाच सांगितला. घराची किंमत शून्य. सागवानी चौकटी, यांनी उभं राहून पाणी मारून पिकवलेली स्लॅब, माझा ओटा, सगळं शून्य. कारण घेणारा ते पाडणारच आहे. हे आधीच मनाशी पक्कं करून ठेवा, म्हणजे सौदा करताना भांडण होत नाही. आमच्या घरी झालं.

पैशाचं आता भराभर. सत्तर लाखांचा फ्लॅट धरा. नागपुरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. नुसतं बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे, म्हणून मी खूश झाले होते. पण जुनं घर यांच्या नावावर. सीए म्हणाले, नफ्यावरचा कर वाचवायचा असेल तर विकणाऱ्याचं नाव नव्या घरावर असू द्या. म्हणून दोघांच्या नावावर घेतोय, सूट गेली. कर असा: घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ म्हणून धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट करून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन वाटा आहेत, मूळ किमतीत महागाईची वाढ न धरता १२.५ टक्के किंवा धरून २० टक्के. कमी पडेल ती. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. उरलेल्या नफ्यातले ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये सहा महिन्यांत घालता येतात, पण मग पाच वर्षं विसरायचे. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवर असेल, जुन्या वस्त्यांमध्ये बरेच आहेत, तर आखीव पत्रिका (जागेच्या नोंदीचा सरकारी कागद) आणि लीजचं नूतनीकरण गिऱ्हाईक शोधायच्या आधी बघा.

"रिव्हर्स मॉर्गेज का नाही?" असंही एकानं विचारलं. योजना २००७ पासून आहे, साठीनंतर घर बँकेकडे ठेवून दरमहा पैसे घेता येतात. पण मी बँकेत असताना माझ्या टेबलावर कोणी ते मागायला आल्याचं मला आठवत नाही. पोरांसाठी ठेवलेल्या घरावर म्हातारपणी कर्ज काढायला आपला जीव धजत नाही. आणि आमचा प्रश्न पैशाचा नव्हताच, जिन्याचा आणि कूलरचा होता.

फ्लॅट बघायला मी पिशवीत टेप घेऊन जायची. दलाल हसायचे. जुन्या फ्लॅटचा १२०० फूट म्हणून सांगितलेला आकडा सुपर बिल्टअप असतो, म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटा धरून. आत मोजलं की साडेआठशेच्या आसपास भरतो. त्याहून महत्त्वाचं बाथरूमचं दार. दार अडीच फूट, पण चौकट वजा जाता जागा सव्वादोन फूट. त्यातून व्हीलचेअर सहज जात नाही. तसंच लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, तेही मोजा. मावत नसेल तर खुर्चीत बसवून नेता येईल एवढी तरी हवी. हे बोललं की हे चिडतात, "आत्ताच कशाला अभद्र?" मी मोजते. शेवटी जो घेतला त्याचं बाथरूमचं दार तीन फुटांचं आहे, आणि खरं सांगू, त्या दारावरच घेतला. हॉल अंधारा आहे, स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिलो तर एकमेकींना कोपर लागेल. असू दे.

सामानाचं तंत्र मी वेगळं ठरवलं. काय टाकायचं याची चर्चा सुरू झाली की संपत नाही. म्हणून काय न्यायचं तेवढंच लिहून काढलं. यांची पुस्तकं एका कपाटात मावतील तेवढीच, माझ्या लोणच्याच्या बरण्या दोन, देव सगळे. पोरांच्या ट्रॉफ्या, दप्तरं, इंजिनिअरिंगचे ड्रॉइंग बोर्ड: मे महिन्यात येऊन घेऊन जा, नंतर जबाबदारी नाही, असं फॅमिली ग्रुपवर टाकलंय. दोघांनी होकाराचा अंगठा टाकलाय, तिकिटं मात्र अजून काढलेली नाहीत.

सगळ्यात मोठा आक्षेप मुलाचाच आला. "आई, मग आम्ही दिवाळीत आल्यावर झोपायचं कुठे?" मी म्हटलं, हॉलमध्ये सोफा कम बेड घेतेय. नाही जमलं तर शंकरनगरला हॉटेलं आहेत, जेवायला घरी या. सूनबाई मागून म्हणाली, "हॉटेलच बुक करा आई, तिथे सकाळी कोणी सहाला मिक्सर लावत नाही."