गाडी घरीच सर्व्हिसिंग करा, २०० रुपये वाचवा

मिस्त्रीकडं गाडी द्यायची म्हणजे काय कमी कटकट आहे होय? सकाळी नऊला जाऊन उभं राहायचं, तो साडेदहाला शटर वर करणार, मग अगरबत्ती, मग चहा, मग आपल्या आधीपासून तिथं मुक्कामाला असलेल्या चार गाड्या, आणि संध्याकाळी गेलं की "नाळे बर्री". नाळे म्हणजे उद्या हे बेळगावातल्या शेंबड्या पोरालाबी कळतंय, पण मिस्त्रीच्या तोंडचं नाळे म्हणजे नक्की कुठला वार ते आजवर ना कन्नडात कुणाला कळलं ना मराठीत. आणि एवढं सगळं करून ऑईल बदलायची मजुरी २०० रुपये. एक बोल्ट काढायचा, तोच बोल्ट परत लावायचा, ह्याचे २००! तेव्हा येत्या रविवारी ठरवूनच टाका, आपली गाडी आपणच करायची. कशी ते मी सांगतो. मी केलंय. मनगटावर सायलेन्सरचा डाग आहे, कुणालाही दाखवीन.

गाडी आमची स्प्लेंडर, केए २२, हिरो आणि होंडा एका घरात नांदत होते तेव्हाची. त्या जोडीची एक जाहिरात असायची बघा, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जावा. दुचाकीबद्दल इतका शहाणा सल्ला नंतर कुणी दिलेला नाही. पण आपल्याला विसरायला जमतंय कुठं? रविवारी पोहे हाणून दारात आलो, गाडी दिसली, की हाताला खाज सुटते, आणि जरा कान देऊन ऐकलं की इंजिनातनं काहीतरी टकटक येतंय असं वाटायला लागतं. (कान दिला तर कुठल्याही इंजिनातनं येतंय. कान देऊ नये.)

आधी अभ्यास करा. मोबाईलवर व्हिडिओ बघा, निदान सहा तरी. त्यातला गडी हसत हसत दोन बोटांनी बोल्ट सोडतो, हात स्वच्छ, फरशी पांढरीशुभ्र, आणि आठव्या मिनिटाला गाडी चालू. तो बोल्ट त्यानं कॅमेरा लावायच्या आधी लाथ मारून सैल केलेला असतो हे तो सांगत नाही, तुम्हीपण विचारू नका, उगाच उत्साह जातो. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत, व्हिडिओ हिंदीत, स्पेअरच्या दुकानाचा बोर्ड कन्नडात, एवढा अभ्यास झाला की आपल्या मायबोलीसाठी फक्त शिव्या शिल्लक राहतात. त्या जपून ठेवा, लागणार आहेत.

मग हत्यारं. गणपत गल्लीत भाजी आणायला म्हणून पिशवी घेऊन निघा आणि येताना पान्यांचा सेट घेऊन या. आठ पाने येतात त्यात, ६-७ पासून २०-२२ पर्यंत, त्यातले तुम्हाला जन्मात तीन लागणार, १०, १४ आणि १७, बाकीचे पाच गंजायला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उघड्या तोंडाचेच घ्या. रिंग पाना बोल्टला सहाही बाजूंनी धरतो, घसरत नाही, मग मजा काय राहिली? उघड्या तोंडाचा दोनच बाजूंनी धरतो, जोर लावला की सटकतो, बोल्टचे कोपरे गोल करतो आणि तुमची बोटं सरळ फूटरेस्टवर नेऊन आपटतो.

आता ऑईल. गाडी डबल स्टँडवर लावा, पाच मिनिटं चालू ठेवून इंजिन गरम करा म्हणजे ऑईल पातळ होऊन नीट उतरतं, हे खरंच बरोबर आहे, ह्यात थट्टा नाही. फक्त इंजिनाबरोबर सायलेन्सरपण गरम होतो आणि तुमचा हात त्याला लागूनच जाणार आहे. इंजिनाच्या बुडाला १७ नंबरचा बोल्ट आहे. तो बघायचा तर गाल फरशीला टेकवावा लागतो. आणि इथंच खरी गंमत आहे, बोल्टचं डोकं खाली जमिनीकडं, तुम्ही बसलाय वरनं वाकून, त्यामुळं सोडायची दिशा डोक्यात बरोब्बर उलटी होते. तुम्ही सोडताय म्हणून जोर लावताय आणि तो आवळला जातोय. सुटेना म्हणून पान्याच्या मागं पाईप घालताय. आणखी आवळला जातोय. घाम डोळ्यात, वरनं आई विचारतीय, "झालं काय रे?" तुम्ही म्हणा, "जरा जाम झालाय." जाम तुम्हीच केलाय, पण ते सांगायचं काम नाही.

अर्ध्या तासानं कधीतरी दिशा कळते, बोल्ट एकदम सुटतो आणि बुट्टीत पडतो. बुट्टी कुठली तर मातीची पाटी म्हणून घरात असते ती, पण खरं तर तिच्यात परवाच मेथी आणलेली, आणि हे तुम्हाला नंतर ऐकायचंय. बोल्टच्या मागं हात, हाताच्या मागं बाही, आणि काळं गरम ऑईल कोपरापर्यंत. बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमचा एक वायसर असतो, एक रुपयाच्या नाण्याएवढा. तो ऑईलात बुडाला. बोटानं चाचपडा, सापडला तर तोच घाला, नाही सापडला तर बिगर वायसरचा लावा, कंपनीनं उगाच घातलाय तो असं म्हणायचं. जुनं ऑईल गटारीत ओतू नका मात्र, गल्लीतला कुठलाही सेंट्रिंगवाला फळ्यांना लावायला मागून नेतो, आणि गावाकडं दाराच्या बिजागऱ्यांना वाळवीला लागतंच.

बोल्ट परत लावताना आधी चिडून दाखवलेला जोर इथं पण दाखवा. बोल्ट लोखंडाचा, इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणजे जोरात कोण हरणार हे ठरलेलंच. आवळा, आणखी आवळा, "एक शेवटचा" म्हणून आवळा, आणि मग हाताला एक कळ लागते, कट्ट असा आवाजपण येत नाही, नुसतं जाणवतं, आणि बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा गोल गोल फिरायला लागतो. आटे गेले. त्या क्षणी पोटात जे होतं ना, ते दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर परत झालेलं नव्हतं. कुणी बघितलं का ते आधी बघा. मग बोल्टला पांढरी टेप गुंडाळून आत ढकला आणि वरनं ऑईल ओता. ९०० मिली बसतं, पूर्ण डबा. डिपस्टिकनं मोजताना तिचे आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवून बघायची असते, म्हणून तुम्ही फिरवूनच मोजा, म्हणजे काठी जास्त खोल जाते, ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि जिवाला बरं वाटतं.

इथं थांबलात तर तुम्ही कच्चे. ऑईल झालं, आता कार्बोरेटर साफ करू, पिकअप जरा कमी वाटतोय. (सकाळपर्यंत वाटत नव्हता.) पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटर काढा आणि त्याच्या खालच्या वाटीचे स्क्रू सोडायला घ्या. हे स्क्रू दिसतात आपल्या घरातल्या स्टार स्क्रूसारखे, पण तसे नसतात, ते जपानी मापाचे असतात, खाच जरा वेगळी, पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका पण असतो ओळखायला. आपल्याकडचा स्क्रूड्रायव्हर फिलिप्सचा, त्याचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उचलून बाहेर येतो आणि येताना खाच खरवडून आणतो. दोनदा असं झालं की चार पाकळ्यांच्या जागी छान गोल वाटी तयार होते, चकचकीत, जणू सोनारानं केलीय. आता तो स्क्रू पुढंही जाणार नाही आणि मागंही येणार नाही, आपल्या सीमाप्रश्नासारखा, जो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तारीख पडतीय. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन त्यावर तोडगा सांगेल. एक म्हणेल छिन्नी मार, दुसरा म्हणेल रबर लावून फिरव, तिसरा रिटायर्ड आहे, तो नुसता म्हणेल "आमच्या वेळच्या गाड्यांना असलं नव्हतं". बाकीचे स्क्रू निघाले, एक नाही, म्हणजे वाटी निघणार नाही, म्हणजे कार्बोरेटर होता तसा परत बसवा. साफ झाला असं समजा. बाहेरनं तरी पुसलायच की.

चेन टाईट करायची राहिली. स्प्लेंडरची चेन पेटीत झाकलेली असते, दिसत नाही, म्हणून ती बरी असते, आपण बघितली की ती बिघडते. मागच्या चाकाचा नट सैल करायचा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवायचे, खुणा असतात त्यासाठी. डावीकडं तीन खुणा आल्या, उजवीकडं साडेतीन. अर्ध्या खुणेनं काय होतंय, असं म्हणून आवळून टाका. मग गाडीचं पुढचं चाक बेळगावात असतं आणि मागचं चंदगडला जायला बघत असतं. आणि चाक मागं सरकलं की ब्रेकचा रॉड आपोआप ओढला जातो, तो परत सैल करायचा असतो, पण ह्या वेळेपर्यंत दुपारचे अडीच वाजलेत, जेवायला तीनदा हाक मारून झालीय, चौथी हाक वेगळ्या आवाजात आलीय, तेव्हा राहू द्या तो रॉड.

आता ट्रायल. हे एकट्यानं करू नका, गर्दी लागते, तेव्हा टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटकडं काढा. गाडी एका किकला चालू होते, काय आवाज, मस्का! तुम्ही मनात मिस्त्रीला चार शब्द सुनावता. मागनं जरा जळका वास येतोय तो ब्रेक लायनरचा, लक्ष देऊ नका. गेटपाशी आलात, गेट पडलेलं, आणि बरोब्बर तिथं गाडी फट फट करून बंद. किक मारा. परत मारा. दोन्ही बाजूंनी दुचाक्या, रिक्षा, एक उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांना रेल्वे यायच्या आत करमणूक हवीच असते. डावीकडनं आवाज येतो "चोक हाक्री", उजवीकडनं "पेट्रोल हाय का बगा ओ". सीमाभागात कन्नड आणि मराठी माणूस कशावर एकमतानं बोलतात असं कुणी विचारलं तर बंद पडलेल्या गाडीवर. वीस किका झाल्यावर मागच्या स्कूटीवरची शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरगी सांगते, "काका, तुमचा कॉक बंद आहे." होता की! कार्बोरेटर काढताना बंद केलेला. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इथवर आलात तुम्ही, घरातनं गेटपर्यंत, पुढं एक थेंब नाही. मान खाली घालून कॉक फिरवायला वाकलात की आणखी एक गोष्ट दिसते, इंजिनाखाली रस्त्यावर मधाच्या रंगाचा एक छोटा डाग, आणि त्यात टप, टप, सावकाश, नवीन ऑईल. मागं वळून बघा. घरापर्यंत थेंबांची ओळ असेल, पत्ता विचारायला नको.

मग टेम्पो. मग मिस्त्री म्हणतो आटे नवीन पाडून आणा. बेळगावच्या फाउंड्र्यांतनं कुठल्या कुठल्या देशात पार्ट जातात, त्या उद्यमबागेत तुम्ही एक बोल्टचं भोक घेऊन जावा, लेथवाला आधी भोकाकडं बघतो, मग तुमच्याकडं, मग त्यात स्प्रिंगसारखी तार बसवून देतो, हेलिकॉइल म्हणतात. हिशोब मी मांडलाय, पाने ६५०, स्क्रूड्रायव्हर १००, ऑईलचा दुसरा डबा ४००, टेम्पो ३००, आटे ३५०, आणि शेवटी बोल्ट लावून ऑईल घालायची मिस्त्रीची मजुरी २००. ती काही चुकली नाही.

पण हे सगळं सोडा, एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. मिस्त्री उकिडवा बसतो, बोल्टच्या गोल झालेल्या कोपऱ्यांवरनं अंगठा फिरवतो, पांढऱ्या टेपची एक चिंधी ओढून काढतो, कार्बोरेटरच्या त्या चकचकीत स्क्रूकडं बराच वेळ बघतो आणि वर न बघता विचारतो, "ह्याला आधी कुणी हात लावलेला?" घाबरायचं नाही. सगळ्या जिल्ह्यात ह्याला एकच उत्तर आहे. म्हणायचं, "आमच्या एका पावण्यानं."

"हुशार हाय पावणा," मिस्त्री म्हणतो. "परत आला की चहा द्या, पाना देऊ नका."

आणि पुढच्या रविवारी खरोखरच पावणे येतात. नंदगडहून, गाडी घेऊन, सकाळी सकाळी. म्हणतात, ऐकलं तुम्ही गाडी घरीच करता म्हणून, म्हटलं तेवढं ऑईल बदलून घ्यावं, मिस्त्रीला कशाला २०० द्या. तुम्ही नको नको म्हणेपर्यंत बुट्टी आलेली असते. गाल फरशीला टेकवून तुम्ही खाली बघता. बोल्टचे सहाही कोपरे गोल, भोवतीनं एम-सील थापलेलं, वर कुणीतरी छिन्नीचे तीन घाव घातलेत.

"काय ओ, ह्याला आधी कुणी हात लावलेला?"

पावणे बशीतला चहा फुंकत चपलेकडं बघतात.

"आमच्या एका पावण्यानं."