गरोदर आईचं दूध विषारी होत नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. 'गर्भवती मातांनो, सावधान!' म्हणून. त्यात म्हटलंय की दिवस राहिले की अंगावरचं दूध नासतं आणि ते थोरल्या मुलाला विषासारखं बाधतं. पाजत राहिलं तर गर्भ पडतो. पोटातल्या बाळाच्या वाट्याचं थोरलं ओढून घेतं. येणाऱ्या बाळासाठीचा चीक, म्हणजे बाळंतपणाच्या सुमाराचं पहिलं घट्ट दूध, आधीच संपून जातो. तेव्हा आजच्या आज दूध तोडा, कडुनिंब नाहीतर मिरची लावा आणि मुलाला डब्यातली पावडर सुरू करा. वर 'आयुर्वेदात हे हजारो वर्षांपूर्वी सांगितलंय' असा शिक्का.

माझ्या भाचीला तो तिच्या सासूबाईंनी पाठवला. काळजीनेच पाठवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाचीला चौथा महिना आहे, मुलगा सोळा महिन्यांचा. तिने मेसेज वाचून कोरफडीचा गर लावला. पोराने तोंड लावलं, थुंकलं, मग आपल्याच हाताने आईची छाती पुसली आणि पुन्हा प्यायला आलं. रात्री मला फोन: "मावशी, इतके दिवस मी ह्याला विष पाजत होते का गं?" आईच्या तोंडी असं वाक्य आणणाऱ्या मजकुराला मी 'असेल काही तथ्य' म्हणून सोडून देणार नाही.

आधी त्या विषाचं बघू. दूध बदलतं, हे खरं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध कमी होत जातं. त्यातली साखर घटते, मीठ आणि प्रथिनं वाढतात, चव खारट होते. कितीतरी मुलं त्या सुमाराला आपणहून सोडतात. शेवटच्या महिन्यांत त्याचाच चीक होतो. चीक मुळात सारक असल्यामुळे थोरल्याला कधी शी पातळ होईल. बास, एवढंच. ज्या चिकाला आपण नवजात बाळाचं पहिलं लसीकरण म्हणतो, तोच दीड वर्षाच्या भावाला विष कसा होईल? आणि चीक 'संपून' जात नाही, तो बाळंतपणानंतरही तयार होत राहतो. फक्त पहिले काही दिवस धाकट्याला आधी पाजायचं आणि थोरल्याला नंतर.

आता आयुर्वेदाचं. हा मुद्दा मी झटकणार नाही, कारण मेसेज लिहिणाऱ्याने अर्धवट का होईना, खरं काहीतरी ऐकलेलं आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पारिगर्भिक नावाचा बालरोग सांगितलाय. गरोदर आईचं दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, मंद भूक, उलट्या, सुस्ती, अन्नावरची वासना जाणं, अंग वाळणं आणि पोट वाढणं, अशी त्याची लक्षणं. जुन्या वैद्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नोंदवलंय, खोटं काही लिहिलेलं नाही. पण तिथे उपाय काय दिलाय, ते मेसेजवाल्याने वाचलंच नाही. उपाय आहे अग्निदीपन. म्हणजे मुलाची भूक वाढवा, त्याला खाल्लेलं पचू द्या. विष उतरवा, असं काही तिथे नाही.

अशी वाळलेली, पोट फुगलेली मुलं आपल्याकडेच होती असंही नाही. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई १९३०च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करत होत्या. दुसरं मूल आलं म्हणून ज्यांचं अंगावरचं दूध सुटलं, ती पोरं सुजताना आणि मरताना त्यांनी पाहिली. १९३३ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि बोट ठेवलं ते मक्याच्या पेजेवर. दूध गेलं आणि त्याच्या जागी ताटात निव्वळ मक्याची पेज आली. पोटात प्रथिनंच नाहीत, तर मूल उभं राहणार कशाच्या जोरावर?

म्हणून मला हा मेसेज नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो. आई गरोदर असताना थोरलं पोर खंगतं ते त्याच्या पोटात पुरेसं जात नाही म्हणून. आईचं दूध आटलेलं असतं आणि वरचं अन्न त्या मानाने वाढलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते, त्यामागे हिशेब आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा अंगावरच्या दुधातून येऊ शकतो. तो एका दिवसात तोडला तर त्या जागी काय येणार? आपल्या घरांत येतो तो चहा-बिस्किट आणि डाळीचं वरचं पाणी. मेसेजमध्ये मिरची कशी लावायची ते चार ओळींत आहे, डब्यातल्या पावडरीपलीकडे मुलाला खायला काय घालायचं याची एक ओळ नाही.

मिरचीचंही सांगते. दुधाने भरलेली छाती एकदम बंद केली की दूध साकळतं, गाठी होतात, ताप येतो, कधी पू होतो. गरोदर बाईला हे दुखणं कशाला लावून द्यायचं? तोडायचंच असेल तर एकेक वेळ कमी करत, मध्ये काही दिवस जाऊ देत. आधी दुपारचं सोडायचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी.

गर्भ पडण्याची भीती बाईला सगळ्यात खोल लागते, म्हणून तिचं सविस्तर. मूल ओढतं तेव्हा आईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि कळाही ऑक्सिटोसिननेच येतात, हे दोन्ही बरोबर. पण गर्भाशयाला ते जाणवायला त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते टिपणाऱ्या जागा, लागतात, आणि दिवस भरत येईपर्यंत ते फार थोडे असतात. सुरुवातीच्या महिन्यांत पाजताना ओटीपोटात थोडं आवळल्यासारखं झालं तरी त्याच्या कळा होत नाहीत. बार्सिलोनाच्या संशोधकांनी या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासून २०१७ साली 'विमेन अँड बर्थ' या नियतकालिकात मांडले. निरोगी, नीट खाणाऱ्यापिणाऱ्या बायकांत पाजल्यामुळे गर्भपात वाढतात किंवा दिवस आधी भरतात, असं त्यांना दिसलं नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं एक वाचलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. २०१९ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरचा एक अभ्यास आला. त्यात ज्या बायकांचं मूल निव्वळ अंगावरच्या दुधावर होतं, त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. ज्यांची मुलं वरचंही खात होती, त्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे मूल चार-पाच महिन्यांचं असताना पुन्हा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांशी लवकर बोललं पाहिजे. वरणभात, पोळी, अंडं खाणाऱ्या सोळा महिन्यांच्या पोराच्या आईला हा अभ्यास लागू होत नाही.

आणि काही जणींनी खरोखर थांबायला हवं, किंवा निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नये. आधी दिवस पूर्ण होण्यापूर्वी बाळंतपण झालेलं असेल, आत्ता रक्तस्राव होत असेल किंवा कळा येत असतील, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, वार खाली असेल, जुळी असतील, आईचं वजनच वाढत नसेल. ह्यातलं काही नसताना डॉक्टर नुसतं 'बंद करा' म्हणाले तर 'माझ्या बाबतीत का?' एवढं विचारायला लाजायचं नाही.

पोटातल्या बाळाचा वाटा थोरलं पळवतं, या म्हणण्यात खरा प्रश्न लपलाय, फक्त तो भलत्याच जागी शोधलाय. ग्वाटेमालातल्या बायकांवरचा एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणात पाजत राहणाऱ्यांच्या बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक पडला नव्हता, पण आयांच्या अंगावरची चरबी मात्र उतरली होती. झीज सोसली ती आईने. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशींत गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त सांगितल्यात, सहा महिन्यांपुढच्या बाळाला पाजणारीला ५२०. दोन्ही एकदम करणारीला किती लागेल? बेरीज अगदी तशीच होत नाही, थोरलं वाढतं तसं दूध कमी लागतं. पण एक पोळी जास्त खाऊन हे भागणारं नाही, एवढं कुणालाही कळेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यातल्या किती जणी आजही सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं घेऊन बसतात! तिला आधी वाढा. अंडी, शेंगदाण्याचे लाडू, डाळ, पालेभाजी, दूध, आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या रोजच्या रोज, चहासोबत नाही.

'एवढं मोठं पोर अंगावर पितं, लाज नाही वाटत' असं कुणी म्हणालं तर त्याला मी उत्तर देत नाही.

राहिली डब्यातली पावडर. बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक केला आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं तयार बाळअन्नही त्या बंदीत आलं. मेसेजच्या तळाशी पावडरीचं नाव दिसलं की हे आठवा. सोळा महिन्यांच्या पोराला मऊ खिचडी, तूप, नाचणी, अंडं आणि घरातलं गाईम्हशीचं दूध पुरतं.

भाचीने कोरफड धुऊन टाकली. ती रात्री झोपताना आणि पहाटे पाजते, दिवसा पोराला चार-पाच वेळा भरवते, आणि पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिनचा कागद घेऊन जाणार आहे. हा मजकूर मी तिच्या सासूबाईंनाही पाठवतेय. तो मेसेज त्यांनी ज्या ग्रुपवर टाकला होता, त्याच ग्रुपवर त्यांनी हाही टाकावा.